आदेरचे ३०० मीटर वहीतून खोडा

आठवीतली भाची प्रकल्पाची वही घेऊन आली. “मावशी, हे ग्रुपवर आलंय, उतरवून काढलं.” मजकूर असा: १८४३ मध्ये लंडनवर वाफेचं प्रवासी विमान उडत होतं (सोबत त्याचं चित्रही), १८९७ मध्ये फ्रान्सच्या क्लेमां आदेरने लष्करासमोर ३०० मीटर उड्डाण केलं, म्हणून राइट बंधूंचा मान खोटा, पुढे पेट्रोल कंपन्यांनी वाफेची विमानं दडपली. पोरं हे शाळेत लिहून देतात हो! पाठवण्याआधी कुणी दोन मिनिटं शोधायलाही तयार नाही.

लंडनचं चित्र ही जाहिरात. विल्यम हेन्सन या इंग्रज संशोधकाने अशा विमानाचं १८४२ मध्ये पेटंट घेतलं आणि भांडवलासाठी अशी चित्रं छापली. पूर्ण आकाराचं यंत्र कधी बांधलंच नाही.

आदेरच्या ३०० मीटरचा मात्र संताप येतो, कारण त्याची लेखी नोंद आहे. १४ ऑक्टोबर १८९७, वर्सायजवळचं सातोरी. वटवाघळासारख्या पंखांचं ‘आव्हियों ३’, खाली गोल धावपट्टी, समोर युद्धखात्याची समिती. जनरल मेन्सिए यांच्या अहवालात काय आहे? चाकांच्या खुणा काही जागी पुसट, म्हणजे यंत्राचा भार हलका झाला होता. मग वाऱ्याने ते पट्टीबाहेर ढकललं आणि मोडलं. ३०० मीटरचं उड्डाण त्यात कुठेच नाही. तो आकडा आदेरने नऊ वर्षांनी, १९०६ मध्ये सांगितला. तोवर अहवाल गुप्त होता. १९१० मध्ये तो प्रसिद्ध झाला, तरी आकडा अजून फिरतोच आहे.

कंपन्यांनी दडपलं म्हणे! १९३३ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला बेसलर बंधूंनी वाफेचं विमान सगळ्यांदेखत उडवलं. आवाज अगदी कमी, आणि उतरल्यावर इंजिन उलटं फिरवून चटकन थांबायचं. पण वाफेच्या इंजिनात आग सिलिंडरच्या बाहेर जळते, त्यामुळे बॉयलर, त्यातलं पाणी, आणि वाफ थंड करून परत पाणी करणारा कंडेन्सर, हे सगळं ओझं सोबत न्यावं लागतं. पेट्रोल इंजिनाला बॉयलरही लागत नाही आणि कंडेन्सरही.

एक गोष्ट मात्र मान्य करावीच लागते. ९ ऑक्टोबर १८९० ला आदेरचं आधीचं विमान ‘एओल’ वाफेवरच जमिनीवरून उठलं, सुमारे ५० मीटर गेलं. त्याला ताब्यात ठेवायची सोय नव्हती, म्हणून राइट बंधूंशी बरोबरी नाही. उंची सुमारे २० सेंटिमीटर.

भाचीने पट्टी उभी धरली. “एवढंच?”

“एवढंच. पण आत बसलेल्या माणसासकट. हे लिही.”