टूथपेस्ट घासली तरी मास्कवर वाफ धरतेच

दिवाळीनंतर नाशिकहून तारकर्ली-मालवणला स्कूबासाठी, म्हणजे हवेची टाकी घेऊन समुद्रात बुडी मारायला जाणाऱ्यांची गर्दी वाढते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तोच निरोप पुन्हा फिरू लागतो. यंदा आमच्या पोहणाऱ्यांच्या ग्रुपवर तो तीनदा आला: "स्कूबाच्या मास्कला एकदा टूथपेस्ट घासा, जन्मभर वाफ धरणार नाही. पेस्ट नसेल तर काच लायटरने शेका. थुंकी लावणं घाणेरडं आणि निरुपयोगी, त्यापेक्षा भांड्यांचा साबण लावा. तरीही वाफ धरली तर पट्टा आवळा."

टूथपेस्टचं अर्धं खरं आहे. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातूनच सिलिकॉनचा अगदी पातळ थर आलेला असतो आणि त्यावर बाष्प पटकन थेंबाथेंबाने बसतं. जेल नसलेली पांढरी पेस्ट आतून बोटाने गोल गोल घासायची, धुवायची, असं दोन-तीनदा केलं की तो थर निघतो. पेस्टचं काम तिथंच संपतं. वाफ धरण्याचं मूळ कारण तसंच राहतं. चेहऱ्याची त्वचा साधारण ३४ अंश, समुद्राचं पाणी २८ अंश धरू. ३४ अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम बाष्प मावतं, २८ अंशांच्या हवेत २७ ग्रॅम. जास्तीचं बाष्प पाण्याने गार झालेल्या काचेवरच जमणार. त्यामुळे "कोकणातलं पाणी कोमट, तिथं काळजी नको" असं जे सांगतात, तेही चूक. जानेवारीच्या पहाटे मुंबई नाक्याला सिग्नलवर हेल्मेटची काच धुरकट होते, तोच हा प्रकार.

शिवाय पेस्ट फक्त काचेला चालते. हा निरोप वाचून माझ्या भाच्याने तलावावरच्या गॉगलला पेस्ट घासली. पोहण्याचे गॉगल बहुतेक प्लास्टिकचे, आतून वाफ न धरणारा लेप दिलेले. लेप गेला, ओरखडे पडले आणि आता त्याला तळाच्या काळ्या रेषाही नीट दिसत नाहीत. पोराने पॉकेटमनी साठवून घेतलेला गॉगल होता, म्हणून मला याचा जास्त राग आहे. मास्कच्या काचेवर असा लेप असेल, तर तिलाही पेस्ट नको.

लायटरचा उपाय काही अनुभवी डायव्हर टेम्पर्ड, म्हणजे उष्णता देऊन कणखर केलेल्या काचेवर करतात. पण ज्योतीपासून बोटभर अंतरावर चेहऱ्याला टेकणारी सिलिकॉनची कड असते. ती जळली की मास्क कायमचा गळका. नवख्याने या वाटेला जाऊ नये. प्लास्टिकची किंवा लेप दिलेली काच असेल तर कुणीच जाऊ नये.

आता थुंकी. ती निरुपयोगी मुळीच नाही. लाळेतल्या प्रथिनांमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, मग बाष्पाचे सुटे थेंब न होता काचेवर सलग पातळ पडदा पसरतो आणि त्यातून आरपार दिसतं. बहुतेकांची चूक पद्धतीत होते. ओल्या काचेवर थुंकतात, मग खळखळून धुतात आणि "काही उपयोग नाही" म्हणतात. काच कोरडी हवी. लाळ कडेपर्यंत बोटाने चोळायची, नंतर पाण्यात एकदाच बुडवून काढायचं. हे प्रत्येक बुडीआधी करावं लागतं. भाड्याच्या मास्कमध्ये थुंकायला संकोच वाटणं रास्त आहे. तिथं लहान मुलांचा शॅम्पू पाण्यात पातळ करून छोट्या बाटलीत न्यावा. तोही तसंच काम करतो. भांड्यांचा साबण मात्र डोळ्यांना झोंबतो आणि खोल पाण्यात डोळे चोळता येत नाहीत.

पट्टा आवळल्याने वाफ कमी होत नाही. उलट सिलिकॉनची कड दुमडून पाणी आत येतं.

निरोपात नसलेल्या दोन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटतात. नाकाने उच्छ्वास सोडत राहिलात तर ओली, उबदार हवा सतत मास्कमध्ये भरत राहते. श्वास तोंडाने घ्या, तोंडानेच सोडा. आणि बोटीत मास्क कपाळावर चढवून बसू नका. तिथं घाम आणि उष्णता दोन्ही काचेला लागतात. मास्क गळ्यात ठेवा.

एवढं करूनही खाली वाफ धरलीच, तर मास्कची कड किंचित उचलून थोडं पाणी आत घ्या, मान हलवून ते काचेवर फिरवा, मग वरची कड कपाळाशी दाबून, नजर वर करून नाकाने जोरात फुंका. पाणी खालून निघून जातं. मालवणला निघण्याआधी हे तलावाच्या उथळ टोकाला, प्रशिक्षकासमोर, दहा-बारा वेळा करून पाहा.