म्हैसूरची प्रयोगशाळा राहिलीच की!
डीआरडीओवरचा (संरक्षण संशोधन आणि विकास संस्था) तुमचा लेख छान, पण डीआरडीओ म्हटलं की आपली गाडी अग्नी क्षेपणास्त्र आणि पिनाका रॉकेटच्या पुढे सरकतच नाही. १९६१ पासून जवानांच्या जेवणावर संशोधन करणाऱ्या तिच्याच म्हैसूरच्या डीएफआरएलचा (डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरी) साधा उल्लेखही नाही! किराणा दुकानात मिळणारं पाकीटबंद पुलाव-राजमा, गरम केलं की तयार, त्यामागे या प्रयोगशाळेचं मोठं काम आहे. पाकिटात अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो. सीलबंद केल्यावर ते दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवतात, त्यात जिवाणूंचे चिवट बीजाणूही मरतात. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह न घालता अन्न महिनोन्महिने टिकतं. (चवीबद्दल मी बोलत नाही.) १९८४ मध्ये राकेश शर्मांसोबत अंतराळात गेलेले भारतीय पदार्थही इथलेच. पुढच्या लेखात याच्यावर लिहा ना.