कुंडी रिकामी नाही

आमच्या गॅलरीत डावीकडून तिसरी कुंडी गेल्या नोव्हेंबरात रिकामी झाली, म्हणजे रिकामी दिसायला लागली, आणि तेव्हापासून मी पहाऱ्यावर आहे. पुण्यात रिकामी जागा आणि रिकामी कुंडी दोन्हींवर डोळा ठेवावा लागतो. जागेवर कुणीतरी स्कूटर लावून जातं, कुंडीत कुणीतरी चहाचा चोथा ओततं.

मुळात मला बायकोने मोगरा आणायला पाठवलं होतं. उरुळी कांचनच्या रस्त्याला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिथे मोगरा सोडून बाकी सगळं बघत हिंडलो आणि एका टेबलावर जाळीच्या पिशवीत तो कंद दिसला. सोबतच्या चित्रात लालभडक, पिवळ्या किनारीचं, पाकळ्या उधळलेलं फूल. "आफ्रिकन लिली आहे साहेब, ग्लोरिओसा," नर्सरीवाला म्हणाला. "इंपोर्टेड." ह्या एका शब्दावर मी आयुष्यात किती पैसे घालवलेत त्याचा हिशेब बायकोकडे आहे. साडेतीनशे रुपये दिले. कंद बोटाएवढा जाड, तपकिरी, मधोमध कोपरात दुमडलेला. बूमरँगने आल्याशी लग्न केलं तर जे अपत्य होईल तसा. नर्सरीवाल्याने बजावलं, "टोकाला डोळा असतो. टोक मोडलं की कंद गेला." म्हणून तो मी बसमध्ये मांडीवर डबा, डब्यात रुमाल, रुमालात कंद असा कोथरूडपर्यंत आणला. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, आत काही जिवंत आहे का.

घरी सासूबाईंनी चष्मा लावून चित्र पाहिलं. त्या मूळच्या चिपळूणकडच्या. "अहो, ही तर कळलावी! आमच्या कुंपणाला रानटी उगवायची. किती दिलेत?"

मी आकडा पुटपुटलो. बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला सव्वीस वर्षांचा अनुभव आहे.

मी हार मानणाऱ्यातला नव्हे. रात्री बसून शोधाशोध केली. आफ्रिकेतल्या त्या लाल-पिवळ्या जातीला पूर्वी ग्लोरिओसा रॉथस्चाइल्डियाना असं भारदस्त स्वतंत्र नाव होतं खरं, पण आता वनस्पतीशास्त्रज्ञ तिला ग्लोरिओसा सुपर्बामध्येच धरतात. म्हणजे लिनियसने १७५३ मध्ये जिला नाव दिलं तीच ही, आफ्रिकेतही उगवते आणि सिंहगडाच्या वाटेवर काटेरी झुडपांतही. थोडक्यात, वनस्पतीशास्त्रानेसुद्धा सासूबाईंची बाजू घेतली.

नाव कळल्यावर दुसरी भानगड सुरू झाली. कळलावी हे नाव पडलं ते बाळंतपणावरून. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून पूर्वी सुइणी हिचा कंद उगाळून वरून लेप द्यायच्या. पण मराठीत 'कळ लावणे'चा दुसरा अर्थ नारदाने जास्त प्रसिद्ध केलाय. सोसायटीच्या ग्रुपवर मी हौसेने कुंडीचा फोटो टाकला, तर सेक्रेटरींनी पाचव्या मिनिटाला उत्तर टाकलं, 'ही वेल घरात लावू नये. कलह होतो.' खाली हात जोडलेली अकरा चित्रं.

मी कंद आडवा ठेवून दोन-तीन बोटं खोल पुरला. मातीत चांगली वाळू मिसळली, कारण पाणी साचलं की हा कुजतो. तीन आठवड्यांनी कोंब आला आणि मग त्याला पालेभाजीसारखी घाई सुटली. ह्या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानाचंच टोक निमुळतं होत जातं आणि त्याला शेवटी जिलबीसारखा वेढा पडतो. ते टोक हवेत चाचपडत असतं, आणि एकदा काही सापडलं की सोडत नाही. आधी मी दिलेली काठी धरली. मग कपड्यांची दोरी. मग लेकीच्या ओढणीचा गोंडा. एकदा कामाच्या मावशी गॅलरी झाडता झाडता ओरडल्या, "वहिनी, ह्यानं मला धरलं!" मी आतून ऐकलं तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. बाहेर जाऊन बघतो तर पदराच्या काठाला पानाचं टोक अडकलेलं.

श्रावणात फूल आलं. कळी हिरवी, मान खाली घातलेली, अगदी शालीन. उघडताना मात्र साही पाकळ्या मागे वळून सरळ वर उभ्या राहतात, वादळात छत्री उलटी होते तशा. कडा नागमोडी. रंग पहिल्या दिवशी हिरवट पिवळा, मग टोकांकडे केशरी, आणि शेवटी सगळंच फूल लाल. अग्निशिखा हे तिचं दुसरं नाव तेव्हा पटतं. खाली सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले, आणि मधली कुक्षीची दांडी बुंध्यातच काटकोनात वळून एका बाजूला हात काढल्यासारखी. पुण्यात वळण्याआधी इतका स्पष्ट इशारा मी दुसऱ्या कुणाकडून पाहिलेला नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामी ते बघून हरखल्याच. त्यांच्याकडे हिला सेंगांदळ म्हणतात, तमिळनाडूचं राज्यफूल आहे, आणि तिकडचे शेतकरी बियांसाठी हिची चक्क शेती करतात, बी औषधाला जातं. तिकडे राज्यफूल, झिम्बाब्वेत राष्ट्रीय फूल, आणि आमच्या सोसायटीत कलहाचं मूळ. बायकोवर छाप पाडायला मी आणखी एक माहिती काढली. १९४७ मध्ये इंग्लंडची एलिझाबेथ राजकन्या होती तेव्हा, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला दक्षिण ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेतल्या शाळकरी मुलांनी तिला ह्याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच दिला होता.

"मुलांनी हिरे दिले," बायको म्हणाली. "तुम्ही कंद आणलात. आणि मोगरा अजून आणायचाय."

फुलं ऐन भरात असताना सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. पार्किंगच्या मुद्द्यावर सव्वाचार तास चालली. एकाने दुसऱ्याला 'भाडेकरू' म्हटलं, ही आमच्याकडची सर्वोच्च शिवी. गेली चौदा वर्षं हीच सभा ह्याच मुद्द्यावर अशीच होते, पण ह्या वर्षी सगळे जिना चढताना आमच्या गॅलरीकडे बघत गेले.

खरा जीव टांगणीला लावला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी. काकांच्या पायाच्या अंगठ्याला गाऊट आहे. अंगठा टोमॅटोसारखा होतो आणि ते तो जगाला दाखवत फिरतात. एक दिवस मी बोलता बोलता बोलून गेलो, की ह्या वेलीत कोल्चिसिन असतं. काकांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, लांब धरली, वाचली आणि वेलीकडे बघितलं. ते बघणं मला आवडलं नाही.

"म्हणजे हेच की!"

"काका, गोळीत मोजून अर्धा मिलिग्रॅम असतं. इथे कुठल्या पानात किती, कुणी मोजलेलं नाही. बी, पान, कंद, सगळं विषारी आहे. माणूस जातो."

"एखादं पान नुसतं चघळलं तर?"

"आयुर्वेदातसुद्धा लांगली म्हणून ही उपविषांत धरलीय. गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वैद्यही हात लावत नाहीत."

काका जरा विचारात पडले. "गोमूत्र आहे माझ्याकडे."

त्या दिवसापासून काका चहाला आले की मी त्यांना हॉलमध्ये, गॅलरीकडे पाठ करून बसवू लागलो.

आणि मग दिवाळी संपता संपता वेल पिवळी पडली. हा तिचा धर्मच आहे. पावसाळ्यात यायचं, मिरवायचं आणि थंडी पडली की वरचं सगळं वाळवून जमिनीखाली कंदात जाऊन झोपायचं ते थेट पुढच्या पावसापर्यंत. त्या काळात तिची निगा म्हणजे तिच्याकडे ढुंकूनही न बघणं. पाणी बंद. हे मला वाचून माहीत होतं. घरच्यांना मात्र मरणारं झाड दिसत होतं, आणि मरणाऱ्याला शेवटी पाणी पाजायची आपली रीत आहे.

मावशी रोज बादलीतलं उरलेलं पाणी घालायच्या. "बाकीच्यांना घालते, हिलाच कसं वगळू? पाप लागेल." सासूबाईंनी ताक घातलं. मेहुण्याने फोनवरून तांदळाचं धुवण सुचवलं. वेल पूर्ण वाळून मी ती कापून टाकल्यावर तर नुसती माती उरली, आणि मातीला कोणी वालीच नाही असा सगळ्यांचा समज झाला. उदबत्तीच्या काड्या, संत्र्याच्या बिया, गणपतीच्या मागचं कोमेजलेलं जास्वंद, सगळं तिथे. शेवटी मी पाटी लावली. पुण्याला शोभेल अशी मुद्देसूद:

'ही कुंडी रिकामी नाही. आत झाड झोपले आहे. पाणी, ताक, निर्माल्य व सल्ले घालू नयेत. जूनमध्ये आपोआप उठेल.'

दुसऱ्या दिवशी खाली कॉलेजात जाणाऱ्या लेकीने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मलाही हीच पाटी हवी.'

जानेवारीत एका सकाळी बघतो तर कुंडीत कोंब! एक नाही, निदान चाळीस. इवले इवले, दोन-दोन पानांचे. मी बायकोला हाक मारली, फोटो काढले, कंदाला इतके कोंब कसे ह्याचा शास्त्रीय विचारही करू लागलो. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"छान आलीय की मेथी," त्या म्हणाल्या. "नुसती माती होती, म्हटलं टाकू मूठभर. रोज पाणी घालते दुपारी, तुम्ही झोपलात की."

विषारी कंदावर उगवलेली मेथी मी घरात येऊ दिली नाही. ती सगळी उपटून टाकली, तेव्हापासून आमच्याकडे मेथीच्या थालीपीठाचा विषय निघाला की माझ्याकडे बघून उसासा टाकतात.

रोज पाणी म्हटल्यावर कंद आत कुजला असणार ह्या धास्तीने त्याच दिवशी उकरून काढला. हातमोजे घालून, खुरप्याने, दाढी करावी इतक्या हलक्या हाताने. जुना कंद वाळून चिपाड झाला होता, ते रीतसरच. दरवर्षी जुना संपतो आणि नवा तयार होतो. नवा चांगला वीतभर, पांढुरका, दोन हातांचा. मी तो उचलला आणि कोपरात कट्कन मोडला.

मी तसाच बसून राहिलो. मागून बायको म्हणाली, "मोडला ना?" ह्या प्रश्नातला आनंद लपवायचा तिने प्रयत्न केला, हे नमूद करतो. पण नीट बघितलं तर दोन्ही टोकं शाबूत होती, आणि डोळा टोकालाच असतो. म्हणजे एकाचे दोन झाले होते.

आता ते जूनपर्यंत कोरडे, अंधारात ठेवायचे. घरात कोरडी अंधारी जागा कुठली, तर ओट्याखालची कांद्या-बटाट्यांची टोपली. वर्तमानपत्रात गुंडाळून तिथे ठेवले आणि, माझं चुकलं, कुणाला सांगितलं नाही.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बायकोने मंडईतून रताळी आणली आणि त्याच टोपलीत ओतली. सकाळी मी चहाला स्वयंपाकघरात गेलो, तर सासूबाई विळीवर बसलेल्या. परातीत रताळ्याच्या फोडी. हातात माझा कंद.

"हे एक बारीकच निघालं मेलं."

मी जी उडी मारली ती शाळेनंतर प्रथमच. कंद हातातून काढून घेतला, त्यांना तीनदा साबणाने हात धुवायला लावले, विळी घासली, रताळी सगळीच्या सगळी फेकली. ह्यात गंमत नव्हती. श्रीलंकेत हाच कंद खायचा समजून शिजवला गेला आणि माणसं दगावली आहेत. ते मी घाबऱ्या आवाजात सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हलाहल शंकराने प्यालं," त्या म्हणाल्या. "त्याच्या उपासाला तुम्ही आम्हाला पाजायला निघालात."

त्या दिवशी भगरीवर भागवलं. दुपारी बायको बहिणीशी फोनवर बोलत होती, मला फक्त एवढंच ऐकू आलं, "नाही गं, चुकून."

कंद मग बुटांच्या खोक्यात कोरड्या वाळूत घातले, खोकं माझ्या कपाटावर, आणि वर लाल पेनने ठळक 'विष' लिहिलं. एप्रिलमध्ये मेहुणा दोन दिवस राहायला आला. रात्री मला गॅलरीत घेऊन गेला, खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, सगळं ठीक आहे ना? आईचा स्वभाव जरा तसाच आहे, पण..."

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन कुंड्यांत दोन कंद लावले. वळवाचा एक चांगला पाऊस होऊन गेला आणि परवा सकाळी दोन्हींतून कोंब वर आले होते, टोकदार, हिरवे, चाकूच्या पात्यासारखे. ह्या खेपेला कुणाला हाक मारली नाही. तरी बायको चहा घेऊन मागे आलीच.

"दोन कशाला ठेवताय? एक देऊन टाका."

"काकांना नाही हं देणार. ते गोमूत्र घेऊनच बसलेत."

"काकांना कोण म्हणतंय." तिने कप कठड्यावर ठेवला आणि खाली पार्किंगकडे बघितलं, तिथे सेक्रेटरी खडूने रेघा आखत होते. "त्यांना द्या. सभेपर्यंत फुलेल बरोबर."