तिकीट काढणारी बाई

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

दुपारी ऑफिसात एक प्रेझेंटेशन झालं. बाहेरून सल्लागार आलेले. कंपनीतली सगळी कामं त्यांनी रंगीत चौकोनांत बसवली होती. हिरव्यात डोक्याची कामं, पिवळ्यात मधली, आणि करड्यात 'रिपीटेटिव्ह'. करड्यात पहिलंच नाव आमचं, ट्रॅव्हल डेस्क. माझ्या भाच्याच्या वयाचा तो मुलगा हसत हसत म्हणाला, "हे तर बेसिकली तिकीट बुकिंगच आहे, दोन क्वार्टरमध्ये टूलवर जाईल." टूल म्हणजे तिकीट काढून देणारं सॉफ्टवेअर. त्या खोलीतले निम्मे लोक मी काढलेल्या तिकिटांवर जग फिरून आलेत. एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही उघडलं, कारण उघडलं असतं तर आवाज चढला असता. म्हणून इथे.

मी हे काम बरीच वर्षं करतेय. आधी कॅम्पातल्या एका एजंटकडे, अमेडियस ह्या तिकीट बुकिंगच्या सिस्टिमच्या पडद्यावर कमांडी बडवत, आणि मग चाकणला ह्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत. 'रिपीटेटिव्ह' म्हणणाऱ्याला मला एकच गाव दाखवायचंय. आर्येप्लोग.

नाव ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी टेस्टिंगवाल्यांचा दोन ओळींचा मेल आला. एक इंजिनिअर, पुणे ते स्टॉकहोम, जानेवारी, रिटर्न. संपलं. टूल असतं तर त्याने मुंबईहून सगळ्यात स्वस्त तिकीट दाखवलं असतं, साहेबांनी फोनवरूनच अप्रूव्ह केलं असतं, आणि सोलापूरचा तो पोरगा रात्री स्टॉकहोमला उतरून बॅग धरून उभा राहिला असता. मी विचारलं, स्टॉकहोमला नक्की कुठे? उत्तर आलं, "आर्येप्लोग म्हणून काहीतरी आहे, जवळच असेल."

जवळच! स्टॉकहोमपासून रस्त्याने आठशे-नऊशे किलोमीटर उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्या जरासं अलीकडे, जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात आणि जगभरच्या गाडी कंपन्या त्या बर्फावर ब्रेक तपासायला येतात. चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, गाडी घसरू न देणारं ईएसपी, सगळं तिथे घसरवून बघतात. जवळचा विमानतळ आर्विड्सयाउर, तिथून पुढे आणखी पंच्याऐंशी किलोमीटर. आणि गंमत म्हणजे हिवाळ्यात ह्या गाडीवाल्यांसाठी जर्मनीतून थेट तिथे विमानं सुटतात. म्हणजे स्टॉकहोमला जायची गरजच नव्हती. जर्मनीमार्गे पाठवलं. मग व्हिसा कुणाकडे मागायचा? उतरणार जर्मनीत, राहणार स्वीडनमध्ये. तर मुक्काम जिथे जास्त, अर्ज तिथला, म्हणजे स्वीडनचा. एका प्रश्नातून एवढं निघालं. हे कुठल्या चौकोनात बसवणार?

लहानपणी आई म्हणायची, नसत्या चौकशा करू नकोस. त्या नसत्या चौकशांवरच माझं घर चाललंय.

आणि वेगळेपणा म्हणाल तर तो कामात आयता येत नाही, शोधावा लागतो. पुण्याचा रनवे हवाई दलाचा आहे हे तुम्हाला माहीत असेल. पण 2021च्या ऑक्टोबरात तो दुरुस्तीसाठी चौदा दिवस बंद होता तेव्हा अख्ख्या चाकणपट्ट्याला मुंबईहून उडवताना जी धावपळ झाली, ती केल्याशिवाय कळत नाही. लंडनला नुसतं विमान बदलायचं असलं तरी आपल्या पासपोर्टवर कधी कधी व्हिसा लागतो. टूल मात्र स्वस्त पडतं म्हणून लंडनच वर दाखवतं. नायजेरियाला जाणाऱ्याला पिवळ्या तापाची लस निदान 10 दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर परत आल्यावर विमानतळावरूनच सहा दिवस विलगीकरणात. 2025च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आकाश बंद केलं आणि दिल्लीहून अल्माटी, ताश्कंद ह्या गावांना जाणारी भारतीय विमानं थांबली, कारण वळसा घालून तिथवर पोहोचणं त्या लहान विमानांच्या आवाक्याबाहेर गेलं. ते वाचलं तेव्हा मी नकाशा उघडून बसले होते. जेवण गार झालं. नवरा म्हणाला, तुला काय करायचंय, तुमचं कोणी जातंय का ताश्कंदला? नव्हतं जात कोणी. म्हणून काय झालं!

बरं, पुणे-दिल्ली, सकाळी जा रात्री या, हे टूल माझ्यापेक्षा झटकन करतं. मान्य. आणि बरीचशी कामं तशीच असतात, हेही मान्य. पुढे.

आर्येप्लोगकडे परत येते. तो पोरगा निघायच्या आदल्या आठवड्यात डेस्कवर आला, बॅगेत काय काय भरू विचारायला. घरून कडक भाकरी आल्या होत्या, शेंगाची चटणी होती, आणि आजीने दिलेली तुपाची बरणी. मी म्हटलं, भाकरी ने, चटणी ने, तूप इथेच ठेव. युरोपात बाहेरून दूधदुभत्याचा पदार्थ नेता येत नाही, तूपही त्यात धरतात. त्याचा चेहरा एवढासा झाला. म्हणाला, "मॅडम, आजीला काय सांगू?" म्हटलं, सांग की मी खाल्लं. ती बरणी माझ्या टेबलावर राहिली आणि अख्ख्या डेस्कने डब्यातल्या वरणभातावर ते तूप घेतलं. आजींची क्षमा मागते. स्वेटर त्याने महाबळेश्वरला घेतलेला आणला होता! उणे तीसमध्ये! टेस्टिंगवाल्यांना फोन करून विचारलं, तुमच्याकडे जाड सूट असतात ना, त्याच्या मापाचा आहे का? त्यांनी तोवर माप विचारलंच नव्हतं. हेही माझंच काम का? नाही. कुठे लिहिलंय का? नाही. मग तो गारठला असता तर चौकोनवाले धावले असते का?

आता राग जरा उतरला, म्हणून खोलीची गोष्ट सांगते. जानेवारीत तिथली हॉटेलं गाडी कंपन्यांनी आधीच धरून ठेवलेली असतात. ज्या पोर्टलवर बघावं तिथे 'उपलब्ध नाही'. टूलचा प्रवास तिथेच संपतो. पण वाचता वाचता कळलं की हिवाळ्यात गावातले लोक आपली घरं ह्या इंजिनिअरांना भाड्याने देतात. मग मेलामेली, फोन. शेवटी एका वयस्क बाईंनी त्यांच्या घरातली खोली दिली. इंग्रजी त्यांचं मोडकं, माझं आपलं पुणेरी. त्यांनी पैशांआधी विचारलं, मुलगा खातो काय? मी सांगितलं, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या भागात रेनडिअर आणि मासे हेच मुख्य जेवण, बिचाऱ्या काय बोलणार. मग म्हणाल्या, बटाटे आहेत. मी म्हटलं, चालेल, चटणी तो आणतोय.

हे सगळं बघताना आणखीही काही वाचून काढलं. सतराव्या शतकात तिथल्या डोंगरात, नासाफ्येल्लला, चांदीची खाण होती आणि खनिज रेनडिअरकडून वाहून आणवायचे. गावालगतचं हॉर्नावान हे स्वीडनमधलं सगळ्यात खोल तळं. ह्याचा तिकिटाशी संबंध काय? शून्य. पण जाताना त्या पोराला सांगितलं की रविवारी रिकामा असलास तर गावात चांदीचं संग्रहालय आहे, बघून ये. तो गेला. नंतर त्याच्या टीममधले जे जे तिकडे गेले, ते तिकिटाआधी मला विचारायला यायचे, मॅडम तिथे बघायला काय आहे. आमच्या साहेबांना हे वेळ घालवणं वाटतं. वाटू दे. माणूस परमुलखात जातो, त्याला कुणीतरी दोन गोष्टी सांगाव्यात एवढी रीत आपल्याकडे होती. गावाहून पुण्याला निघताना सुद्धा पाच जण पंचवीस सूचना द्यायचे.

आणि कुणी म्हणेल की आताच्या पोरांना हे जमत नाही, तर तेही खरं नाही. आमच्या डेस्कवर बार्शीची एक मुलगी आहे. स्वतः विमानात बसलीय ती शिर्डी-हैदराबाद, तेवढीच. गेल्या महिन्यात रियाधच्या एका मीटिंगचं तिकीट आलं. ती म्हणाली, ताई, मीटिंग शुक्रवारी कशी? सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी ना? दुबईत 2022पासून शनिवार-रविवार झालं, सौदीत नाही. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिने आपणहून वाचून ठेवलेलं. फोन केला तर काय, मीटिंग गुरुवारची, पत्रात टायपिंगची चूक. आमचा डायरेक्टर बंद ऑफिससमोर उभा राहायचा वाचला. आज त्याच डायरेक्टरने करड्या चौकोनाला मान डोलावली. ती मुलगी मागच्या रांगेत बसली होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "ताई, आपण खरंच रिपीटेटिव्ह आहोत का?" आता काय सांगू तिला? चहा पाजला.

टूल येईल. येऊ दे, मीच त्याचं ट्रेनिंग देणार आहे बहुतेक. ज्या दिवशी ते दोन ओळींच्या मेलला उलटून विचारेल, "स्टॉकहोमला नक्की कुठे?", त्या दिवशी मी आनंदाने पीएफचे कागद भरीन.

असो. एक कामाचं. आमचा एक जण ऑस्ट्रेलियात पर्थच्या वर पोर्ट हेडलंडला जाणार आहे, लोहखनिजाच्या बंदरावर, ऐन चक्रीवादळांच्या मोसमात. तुमच्यापैकी कुणाचा भाचा, मेहुणा, कॉलेजचा मित्र तिकडे खाणीच्या कामावर असेल तर इनबॉक्स करा. वादळाचा इशारा आला की विमानं नक्की किती आधी थांबवतात आणि रस्त्याने पर्थला परतायची वेळ आली तर मध्ये मुक्कामाला बरी जागा कुठली, एवढं विचारायचंय. शाकाहारी नाहीये, ती काळजी नाही.