हळकुंड मोडून पाहता येते

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करण्यात माझी तीस वर्षे गेली. हळकुंड मोडावे, आतला रंग पाहावा, मोडतानाचा आवाज ऐकावा आणि भाव सांगावा, एवढीच माझी कलादृष्टी. चित्र म्हणाल तर औंधच्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची पाहिलेली. तिथे कोण रुसले आहे आणि कोण समजूत काढते आहे, हे पाटी न वाचताही कळते.

त्यामुळे शेजारच्या मुलीने विश्रामबागेतल्या एका सभागृहात अमूर्त चित्रांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी गेलो खरा. पण पहिल्याच चित्रापुढे, म्हणजे राखाडी पार्श्वभूमीवरच्या एका पिवळ्या फराट्यापुढे, घाम फुटला. खाली पाटी होती, ‘शीर्षकविरहित, ७’. म्हणजे अशी आणखी सहा होती! जवळ उभे राहिलो तर काही कळेना, लांब गेलो तर मागच्या खुर्चीवर आदळलो, आणि मान तिरकी केली तर एक गृहस्थ मला जाणकार समजून स्वतःचीही मान तिरकी करून शेजारी उभे राहिले. आम्ही दोघेही बराच वेळ तसेच होतो, कारण आधी मान सरळ करायची कोणी, हा प्रश्न होता.

तेवढ्यात ती मुलगी आली. “काका, काही तरी बोला की!”

“हे उलटे तर टांगलेले नाही ना?” माझ्या तोंडून निघून गेले.

ती रागावली नाही, उलट खूश झाली. डच चित्रकार पिएट मोंद्रियान यांचे १९४१चे, रंगीत चिकटपट्ट्यांचे एक चित्र १९४५ साली पहिल्यांदा प्रदर्शनात लागले तेव्हापासून उलटेच टांगले जात असावे, असे २०२२ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासक बाईंच्या लक्षात आले. पण आता फिरवले तर जुन्या पट्ट्या गळून पडतील, म्हणून ते तसेच ठेवले, असे तिने सांगितले. आपल्याकडचे चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि रंगाची सुरी वापरून रंगाचे थरावर थर चढवत आणि आपल्या चित्रांना अमूर्तऐवजी वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कोणत्याही वस्तूवर न बेतलेली, म्हणत, हेही कळले. थरांचे मला पटले. पॉलिश केलेली हळद मीही पाहिली आहे.

अभिप्रायाच्या वहीत माझ्याआधी सर्वांनी ‘अंतर्मुख करणारा अनुभव’ लिहिले होते. मी लिहिले, ‘माल चांगला आहे.’ सही ठोकली, आणि या अक्षरांची लाज वाटून भरपाई म्हणून तो पिवळा फराटा विकतही घेतला. घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

आता तो पेढीवर, गल्ल्याच्या वर लावला आहे. परवा तासगावकडचे एक शेतकरी बराच वेळ त्याकडे पाहत बसले आणि शेवटी हळूच म्हणाले, “शेठ, हा लॉट ओला दिसतोय. सौद्याला काढू नका.”