खुलासा : कोलोरॅडोचा खारेपणा युमाच्या प्रकल्पाने घटवलेला नाही

अमेरिकेतून मेक्सिकोत जाणाऱ्या कोलोरॅडो नदीचा खारेपणा अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील युमा येथील निःक्षारीकरण (पाण्यातले क्षार काढून टाकणाऱ्या) प्रकल्पामुळे आटोक्यात आला, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. १९९२ मध्ये पूर्ण झालेला हा प्रकल्प त्यानंतर थोडाच काळ, तोही अंशतः चालला. मेक्सिकोला मिळणारे पाणी फार खारे नसावे, ही अमेरिका व मेक्सिको यांच्यातील १९७३ च्या कराराची अट मुख्यतः पाळली जाते ती युमाजवळच्या वेल्टन-मोहॉक भागातील शेतांतून निचरणारे खारट पाणी नदीत न सोडता वेगळ्या कालव्याने मेक्सिकोतील सिएनेगा दे सांता क्लारा या पाणथळीकडे वळवल्यामुळे. त्याच पाण्यावर तेथे पाणकणसाचे दाट रान वाढले असून दुर्मिळ पाणपक्षी त्यात घरटी करतात. प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर पाणथळीचे हेच पाणी त्याच्याकडे वळेल; तशी मागणी करणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा, असे कळकळीने वाटते.