एका हंगामात दोनदा गिअरबॉक्स कसा उतरवावा

गिअरबॉक्स उतरवून, इंजिनची ताकद त्याच्याकडे नेणारी क्लच प्लेट एकदा बदलली की उसाचा हंगाम निघतो, असं मानणारे भोळे ट्रकमालक आपल्याकडे अजून आहेत. बिचाऱ्यांची गाडी दिवाळीनंतर जी फडात शिरते, ती फड ते कारखाना, कारखाना ते फड एवढंच करत राहते. तुम्हाला गॅरेजचीही ओढ असेल तर पुढचं नीट वाचा.

सुरुवात ड्रायव्हरपासून करा. तो म्हणेल, "मालक, रेस घेतीय पण गाडी ओढंना गेली." त्याला सांगा, "चालव अजून आठ दिवस." इंजिनचा आवाज चढतो, वेग जागच्या जागी आणि केबिनमध्ये करपल्याचा वास, म्हणजे प्लेट घसरतेय हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण थांबायचं नाही. प्लेटवरचं लायनिंग, म्हणजे पकड घेणारा थर, झिजून रिव्हेट उघडे पडले की ते फ्लायव्हीलवर (इंजिनमागचं जड चाक) आणि प्लेटला त्यावर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर चरे पाडतात, आणि एका प्लेटचं काम तिन्हींवर जातं. ओल्या काळ्या रानातून भरलेली गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, काढलीत, तर आठ दिवसही लागणार नाहीत.

गाडी उघडली की फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक तडे दिसतील. लेथवाल्याकडून फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, घेण्याच्या भानगडीत पडू नका, पॉलिश पेपरचे चार हात मारा. नवी प्लेट उंचवट्यांवरच टेकेल आणि गाडी जागची हलताना केबिनसकट थरथरेल. ड्रायव्हरला झोप तरी लागणार नाही.

आता ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी. बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं आवरण, आतून ओलं आहे का, हे बघूच नका. काळं, पातळ ऑइल असेल तर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या सीलचं. घट्ट, उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या कव्हरच्या सीलचं. प्लेटच्या मानाने सीलला पैसे किरकोळ लागतात, म्हणून तर ते वाचवायचे! नवं लायनिंग ऑइल पिऊन पुन्हा घसरायला लागेल. तेवढ्याचसाठी दोन-अडीचशे किलोचा गिअरबॉक्स पुन्हा खाली घ्यायचा, ही खरी काटकसर.

पेडल दाबलं की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग जुनंच ठेवा आणि डिझेलमध्ये स्वच्छ धुवा. त्यात आयुष्यभराचं ग्रीस कंपनीतच भरलेलं असतं, ते निघून जाईल आणि पेडल दाबलं की आत पाखरं ओरडल्याचा आवाज येईल. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणाऱ्या, फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगला तर बोटही लावू नका.

प्लेट बसवताना 'फ्लायव्हील साइड' अशी खूण असते, तिकडे कानाडोळा करा. उलटी बसली की हब, म्हणजे प्लेटचा मधला भाग, फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि क्लच सुटतच नाही. नव्या प्रेशर प्लेटवर गंज न चढण्यासाठी लावलेलं ऑइल पुसू नका. स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांना, ग्रीसचा पातळ हात पुरतो, तुम्ही मूठभर लावा. फिरताना ते उडून लायनिंगवरच जाणार आहे. प्लेट मधोमध धरणारा डमी शाफ्ट शोधत बसू नका, मध्य डोळ्यानं धरा. प्रेशर प्लेटच्या कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे कसायचे असतात. तुम्ही गन लावून एकेक बोल्ट एका दमात आवळा, कव्हर वाकडं होईल.

सगळ्यात हुकमी उपाय शेवटी. गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट हबमध्ये अर्धा शिरला की जॅक काढा, सगळं वजन प्लेटवर लटकवा आणि चहाला जा. येईपर्यंत हब वाकलेला असेल. मग क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर करकरत पडेल.

पेडलला प्ले, म्हणजे थोडी मोकळी चाल, ठेवू नका. बेअरिंग सतत दाबाखाली फिरेल आणि प्लेट धडपणे पकडणार नाही. क्लचच्या डबीत ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल ओता, रबरी वॉशर फुगून बसतील. आणि नवी प्लेट रुळायच्या आधीच, त्याच संध्याकाळी, गाडी दाबून भरा आणि मांजरसुंब्याच्या घाटात हाफ क्लचवर उभी धरा. हँडब्रेक कशाला झिजवायचा?

एवढं करून प्लेट जळाली की दुकानदाराकडे जा आणि "माल डुप्लिकेट दिला" म्हणून भांडा. नेण्याआधी प्लेट पेट्रोलनं धुवा. रिव्हेटच्या खड्ड्यांत ऑइल साचून राहतं, तिथं तार घालून नीट कोरून काढा. दुकानदार आधी तिथंच बघतो.